बांबू : झाड की गवत?

जून महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी पुण्याच्या बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात उभे राहून पाहा. उभे राहता आले तर! शाळा उघडण्याचे दिवस, वरून पावसाची भुरभुर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुस्तकांची यादी, आणि फळीपलीकडून ओरडणारा विक्रेता : "शंभर पानी की दोनशे? एकरेघी की चौकडीची?" पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक पुण्याच्या कित्येक पिढ्यांना माहीत आहे तो वह्या-पुस्तकांमुळेच. लहानपणी मीही येथूनच वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून घरी जात असे.

आता घरी आल्यावर एक गोष्ट करा. जुन्या वहीतले एक कोरे पान घ्या आणि ते हळूच फाडा. कात्रीने कापू नका बरे का, हातानेच फाडा. फाटलेली कड भिंगाखाली धरा. कड गुळगुळीत दिसत नाही. तिच्यातून बारीक पांढरे केस बाहेर आलेले दिसतात. हे केस म्हणजे वनस्पतींचे तंतू. कागद म्हणजे अशा असंख्य तंतूंची एकमेकांत गुंतलेली पातळ चटई. तुमच्या हातातले तंतू बहुधा निलगिरीचे, सुबाभळीचे किंवा रद्दीचे असतील. पण तुमच्या आजोबांची जुनी वही माळ्यावर सापडली, तर तिच्यातले तंतू बांबूचे असण्याचा संभव फार मोठा आहे. त्या काळी आपल्या देशातल्या कागद गिरण्यांचे मुख्य अन्न होते बांबू. एक टन कागदाला दोन-अडीच टन बांबू लागतो. त्याचे तुकडे करून ते कॉस्टिक सोड्यासारख्या रसायनांत शिजवायचे, तंतूंना चिकटवून ठेवणारे लिग्निन विरघळवून टाकायचे, आणि उरलेला लगदा धुऊन त्याचा पातळ थर पसरायचा. बांबूचे तंतू दोन-तीन मिलिमीटर लांब असतात, म्हणून कागद मजबूत होतो.

विदर्भात चंद्रपूरजवळ बल्लारपूर येथे अशी एक मोठी गिरणी उभी राहिली. तिच्यासाठी आसपासच्या सरकारी जंगलांतला बांबू करार करून दिला जाई. म्हणजे अप्पा बळवंत चौकातल्या वहीचे एक टोक पुण्यात होते आणि दुसरे गडचिरोलीच्या जंगलात. या दुसऱ्या टोकाला काय घडले, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे. पण त्याआधी एक कोडे सोडवले पाहिजे : बांबू हे झाड आहे की गवत?

वनस्पतिशास्त्राचा शिक्षक क्षणात उत्तर देईल, "गवत!" भात, गहू, ज्वारी, ऊस आणि बांबू ही सारी एकाच कुळातली भावंडे. कसे ते पाहू. सागाच्या खोडात सालीच्या आत वाढीचा एक पातळ थर असतो. तो दरवर्षी नवे लाकूड तयार करतो. म्हणून खोड जाड होत जाते, आणि ते आडवे कापले तर वर्षावर्षांची वर्तुळे दिसतात. बांबूला हा थर नाही. पावसाळ्यात कोंब जितका जाड जमिनीतून वर येतो, तितकाच जाड तो बांबू जन्मभर राहतो. उंचीही तो एकदाच गाठतो, आणि तीही दोन-तीन महिन्यांत! जुलैत जमिनीतून डोके काढणारा कोंब दिवाळीपर्यंत चुलत्या-आज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. त्यानंतर त्याची उंचीही वाढत नाही आणि जाडीही. मग पुढची दोन-तीन वर्षे तो करतो तरी काय? तो आतून घट्ट होतो. पहिल्या वर्षीचा बांबू दिसायला पूर्ण, पण आतून कच्चा. सूप विणायला किंवा घराला वासा म्हणून लावायला तो कामाचा नाही.

बांबूची खरी गंमत जमिनीखाली आहे. बेटातल्या सगळ्या बांबूंना खाली कंद असतात आणि ते एकमेकांना जोडलेले असतात. नवा कंद फुटतो तो शेजारच्या कोवळ्या बांबूच्या बुडाशी. म्हाताऱ्या बांबूचे कंद सहसा नवा कोंब देत नाहीत. म्हणून बेट बाहेरच्या बाजूला पसरत जाते : कोवळे बांबू कडेला, म्हातारे मधोमध दाटीत. ही रचना नीट ध्यानात ठेवा. पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

समजा, तुम्ही तोडणारे मजूर आहात आणि तुम्हांला नगावर मजुरी मिळते. जितके बांबू तोडाल तितके पैसे. बेटाच्या मध्यभागी शिरायचे तर काटक्या ओरबाडतात, कोयता फिरवायला जागा नाही, आणि तोडलेला बांबू ओढून बाहेर काढणे म्हणजे दुप्पट कष्ट. कडेचा बांबू मात्र एका घावात हातात. तुम्ही कोणता तोडाल? कडेचाच! आणि कडेचे कोवळे बांबू गेले की पुढच्या पावसाळ्यात कोंब देणारे कोणी उरत नाही. बेट हळूहळू मरते. गिरणीला काय, तिला लगदा करायचा आहे. कोवळा बांबूही चालतो. एक जंगल संपले तर दुसरे.

हे नुसते तर्कट नाही. १९७५च्या सुमारास शेजारच्या कर्नाटकात बुरुडांनी गाऱ्हाणे मांडले, की टोपल्या विणायला बांबूच मिळत नाही. तेथल्या कागद गिरणीला सरकारने सुरुवातीला टनाला अवघ्या दीड रुपयाने बांबू दिला होता. बाजारात बुरुडाला पडणारा भाव त्याच्या शेकडो पट होता. बांबू का संपला हे शोधण्याचे काम बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले डॉ. माधव गाडगीळ यांच्याकडे आले. गाडगीळ मूळचे आपल्या पुण्याचेच. वनखात्याचे म्हणणे, गावकऱ्यांची गुरे कोंब खातात म्हणून बांबू संपतो. गिरणीच्या लोकांचे म्हणणे, आम्ही बेटाच्या बुडाशी असलेले काट्यांचे जाळे साफ करतो, त्यामुळे बेट मोकळे होऊन चांगले वाढते. गावकरी म्हणत, अहो, ते काटेच तर कोंबांचे कुंपण आहे! ते काढले की गुरे, माकडे, साळिंदरे कोंब फस्त करतात. कोणाचे खरे? गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षे मोजमाप करून पाहिले. खरे निघाले गावकऱ्यांचे. शहाणपणाचा मक्ता पदवीधरांकडेच असतो असे समजणाऱ्यांनी ही हकिकत जरूर वाचावी.

आता कायद्याकडे वळू. वनस्पतिशास्त्र म्हणते गवत. पण इंग्रजांनी केलेला १९२७चा भारतीय वन अधिनियम म्हणत होता, झाड! त्या कायद्यात 'झाड' या शब्दात ताड, बांबू, वेत, झुडपे, इतकेच नव्हे तर तोडलेल्या झाडांची थुटेसुद्धा घातलेली होती. हसू आले ना? पण ज्याच्या अंगणापासून जंगल सुरू होते त्याला हसू येत नव्हते. झाड म्हणजे लाकूड, लाकूड म्हणजे सरकारची मालमत्ता. ज्या जंगलातला बांबू आजोबा-पणजोबांपासून कुडाला, कुंपणाला, कणगीला वापरला, तोच स्वतःच्या हिशेबाने तोडून विकला तर तो गुन्हा. घरखर्चाला लागणाऱ्या थोड्या बांबू-लाकडाची सवलत होती. विदर्भात तिला 'निस्तार' म्हणतात. पण सवलत निराळी आणि हक्क निराळा. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंड आदिवासींचे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून त्याला 'मेंढा-लेखा' म्हणतात. घरे शंभराच्या आसपास, आणि भोवताली सुमारे १८०० हेक्टर जंगल : साग, मोह, तेंदू, ऐन, आणि मानवेल. मानवेल म्हणजे तेथला बांबू, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. इतर बांबूंपेक्षा तो कमी पोकळ, कधी कधी जवळजवळ भरीव. म्हणून लाठ्या-काठ्यांना उत्तम.

या गावाने एकदम लढाई पुकारली नाही. आधी ते बोलू लागले. १९८०च्या दशकात मोठ्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले, त्यातून गावकऱ्यांना एकत्र बसण्याची सवय लागली. गावचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरहून येणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. गावाने अभ्यास मंडळ सुरू केले. विषय कोणते? वनकायदा, मध काढण्याची पद्धत, जंगलाचे नकाशे. मध काढताना पोळे जाळायचे नाही, माश्या मारायच्या नाहीत, हे तेथल्याच चर्चेतून ठरले. ग्रामसभेत मतदान नसते. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढच्या बैठकीवर जातो. तुमच्या वर्गात सहलीचे ठिकाण या पद्धतीने ठरवून पाहा, म्हणजे ही गोष्ट किती अवघड आहे ते कळेल! पण एक फायदा आहे. ज्या नियमाला सर्वांनी होकार दिला, तो मोडणाऱ्याला "मला विचारले कुठे होते?" असे म्हणता येत नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा पुढे महाराष्ट्रभर गेली. आपल्या जंगलातला बांबू कागद गिरणीने अशा तऱ्हेने तोडावा याला गावाने १९९०च्या सुमारासच विरोध सुरू केला होता.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात एक ओळ आमच्या कोड्याच्या दृष्टीने लाखमोलाची होती : 'गौण वनउपज' या शब्दात बांबूचा स्पष्ट समावेश केला होता. गौण वनउपज म्हणजे मोहफुले, डिंक, मध, तेंदूपाने अशा वस्तू. त्या गोळा करून विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांचा. लाकूड मात्र या हक्कात नाही. म्हणजे देशात एकाच वेळी दोन कायदे. एकाच्या मते बांबू झाड, दुसऱ्याच्या मते मोहफुलांच्या रांगेतला!

२००९ मध्ये मेंढा आणि जवळचे मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातली ही अगदी पहिली गावे. कागदावर हक्क मिळाला, पण बांबू जंगलाबाहेर नेऊन विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता. परवाना मिळेना. तुमची सायकल तुमचीच, पण कुलपाची किल्ली शेजाऱ्याकडे, तसा हा प्रकार. ग्रामसभेने पत्रव्यवहार सोडला नाही. अखेर २१ मार्च २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनउपज मानावे असे कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले. त्यांनी परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. किल्ली घरी आली!

पहिल्याच हंगामात बांबूच्या विक्रीतून ग्रामसभेला सुमारे एक कोटी रुपये मिळाले. ग्रामसभेने स्वतःच्या नावाचे पॅन कार्ड काढले, बँकेत खाते ठेवले. २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेला देण्याचा ठराव केला.

आता तुम्ही विचाराल, पैसा दिसल्यावर गावकरीच सगळा बांबू तोडून टाकणार नाहीत कशावरून? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि कोणीही तो विचारलाच पाहिजे. काही ठिकाणी ठेकेदाराशी घाईघाईने करार झाले, बेसुमार तोडीच्या आणि पैसे बुडाल्याच्या तक्रारीही आल्या. हक्क मिळाला म्हणून बेटाचे नियम बदलत नाहीत. ते नियम कोणते? जंगलाचे तीन-चार भाग पाडायचे आणि दरवर्षी एकाच भागात तोड करायची, म्हणजे प्रत्येक बेटाला दोन-तीन वर्षे विश्रांती. पावसाळ्यात कोंब वाढत असताना कोयता घरीच ठेवायचा. चालू वर्षीच्या आणि गेल्या वर्षीच्या बांबूला हात लावायचा नाही. तोडायचे ते तीन वर्षांपेक्षा जुने, तेही सगळे नाहीत. बेटाला वाऱ्यात आधार म्हणून काही उभे ठेवायचे. घाव जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर, पेराच्या नेमका वर घालायचा, म्हणजे थुटात पाणी साचून कंद कुजत नाही. आणि बेटात शिरायचे ते एका बाजूने वाट करून, घोड्याच्या नालेच्या आकारात, म्हणजे मधले म्हातारे बाहेर काढता येतात आणि कडेचे कोवळे बचावतात.

बांबूचे वय ओळखायचे कसे? वर्तुळे तर नाहीत. पहिल्या वर्षीचा बांबू हिरवागार, अंगावर पांढरी भुकटी, बुडाशी पापुद्र्यासारखी आवरणे चिकटलेली. दुसऱ्या वर्षी आवरणे गळतात, रंग गडद होतो. तिसऱ्या वर्षानंतर चमक जाते, पिवळसरपणा येतो, अंगावर दगडफुलासारखे डाग दिसतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकले तर आवाज खणखणीत येतो. हे सारे पुस्तकात आहे, पण जंगलातल्या दहा वर्षांच्या मुलालाही ते येते. फरक मजुरीच्या पद्धतीने पडतो. ज्याला याच बेटाकडे तीन वर्षांनी परत यायचे आहे, तो मध्यभागी शिरण्याचे कष्ट घेतो.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव म्हणून आहे. त्यांना २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. त्यांनी तर तेंदूपाने विकणेच बंद केले. हातची कमाई सोडली! कारण चांगली पाने यावीत म्हणून झाडे छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात. आगीत बांबूचे बेट होरपळते. एका पिकाचा तोटा दुसऱ्याच्या वाढीत भरून निघेल, असा त्यांचा हिशेब.

लाकडाच्या बाबतीतही हे जमते का? जगात काही ठिकाणी जमले आहे. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात इश्तलान नावाचे झापोतेक आदिवासींचे गाव डोंगरात आहे. तेथली पाइनची जंगले सरकारने १९५६ मध्ये पंचवीस वर्षांसाठी दिली होती, कोणाला, ओळखा पाहू? कागद गिरणीला! मुदत संपत आली तेव्हा गावांनी एकजूट करून नूतनीकरण अडवले. आज हे गाव स्वतः झाडे मोजते, तोडते, स्वतःच्या करवत-गिरणीत फळ्या पाडते आणि कपाटे-टेबले बनवते. इतर गावांबरोबर मिळून शाळांची बाकेसुद्धा बनवली आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मेनोमिनी लोकांचे सुमारे ९५ हजार हेक्टरांचे जंगल आहे. १८५४ साली ते त्यांच्या वाट्याला आले, तेव्हा जितके लाकूड त्यात उभे होते, त्याहून जास्त लाकूड त्यांनी आजवर तोडून विकले आहे. आणि तरीही आज जंगलात उभे असलेले लाकूड तेव्हापेक्षा अधिक आहे. जादू नाही, मुद्दल आणि व्याजाचे गणित आहे. वर्षभरात जितकी वाढ, त्याच्या आतच तोड.

आपल्याकडे कायद्यातली गंमत मात्र उशिरापर्यंत चालू राहिली. जंगलाबाहेर, शेताच्या बांधावर वाढणारा बांबू 'झाड' या व्याख्येतून काढून टाकायला २०१७ साल उजाडावे लागले. म्हणजे शेतातला बांबू गवत झाला खरा, पण जंगलातला बांबू १९२७च्या त्या कायद्याच्या कक्षेत राहिलाच. तेथे गावकऱ्यांना आधार आहे तो २००६च्या कायद्याचा.

बांबू गवत आहे, हे निसर्ग मात्र कोणत्याही व्याख्येची वाट न पाहता एक दिवस दाखवून देतो. भाताला लोंबी आली, दाणे पिकले, की भाताचे रोप मरते ना? बांबूचेही तसेच. फरक इतकाच, की भाताला चार महिने लागतात आणि मानवेलीला साधारण पंचवीस ते पंचेचाळीस वर्षे. मग कधी कधी साऱ्या डोंगरावरची बेटे एकाच हंगामात फुलतात, भातासारखे बी गळते, आणि बेटेच्या बेटे वाळून जातात. ज्यांनी मध्यभागी शिरून नेकीने तोड केली त्यांचीही, आणि ज्यांनी कडेने ओरबाडले त्यांचीही. उन्हाळ्यात वाळलेल्या त्या लक्षावधी काठ्यांना एक ठिणगी पुरते. गळालेल्या बियांची रोपे होतात, पण त्यांना आग आणि गुरे यांपासून आठ-दहा वर्षे तरी जपले, तर कुठे पुन्हा तोडण्याजोगे बेट उभे राहते. तेवढी वर्षे बांबूचे उत्पन्न नाही. पाळत मात्र रोजची.

मेंढ्याची मानवेल फुलेल, तेव्हा त्या ग्रामसभेत मतदान न होता, सर्वांच्या होकाराने काही ठरवावे लागेल : वाळलेला बांबू किती काढायचा, बी गळेपर्यंत किती उभा ठेवायचा, गुरे कोणत्या बाजूला वळवायची आणि आगीच्या राखणीला आळीपाळीने कोणी जायचे. बैठक लांबेल. एकाने जरी मान हलवली नाही तरी ती पुढच्या बैठकीवर जाईल.